खोळंबा (वृत्तलेखनातील)

खोळंबा (पु.) : चालू असलेले काम, प्रवास किंवा व्यवहार मध्येच अडून माणसांना तिष्ठत राहावे लागण्याची स्थिती. क्रियापद खोळंबणे, प्रयोजक अर्थी ‘खोळंबून ठेवणे’. शब्द देशी वळणाचा असून मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) नोंदलेला आहे. पाहुण्यांसाठी पंगत खोळंबते, कागदावरच्या एका सहीसाठी काम खोळंबते, असा त्याचा घरगुती वापर. वृत्तपत्रांत मात्र तो मुख्यतः वाहतुकीच्या बातम्यांत स्थिरावला.

टपाल व जहाजे : ‘दर्पण’ (१८३२) व ‘प्रभाकर’ (१८४१) या वृत्तपत्रांच्या काळात विलायतेची बातमी जहाजाने येई; जहाज अडले की बातमीही खोळंबे. ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली, तिला सुएझला पोहोचायला महिनाभर लागला. सुएझ कालवा (१८६९) आणि समुद्रातली तारवाहिनी (१८७०) यांनंतर बातमीसाठी बोटीची वाट पाहणे संपत गेले.

रेल्वे : खोळंबा ही बातमी ठरायला आधी वेळापत्रक लागते. बैलगाडीने निघालेला माणूस दोन दिवस उशिरा पोहोचला तरी त्याची दखल घेण्याजोगे काही घडलेले नसे. बोरीबंदर–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली आणि उशीर मिनिटांत मोजता येऊ लागला. पुणे–खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. पण बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला होईपर्यंत खोपोली ते खंडाळा हा टप्पा पालखी, तट्टू किंवा गाडीने चढावा लागे. घाटाच्या दोन्ही टोकांना थांबणे हा तेव्हा प्रवासाचाच भाग होता. पुढे त्यात घड्याळाच्या घोळाचीही भर पडली. रेल्वे मद्रास वेळ पाळी, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे असे. शहराच्या घड्याळावर विसंबलेल्याची गाडी चुकणे त्यामुळे सहज शक्य होते.

वाक्यरचना : वृत्तलेखनात ‘खोळंबा’ बहुधा षष्ठीसह येतो (प्रवाशांचा, वाहतुकीचा, लोकलचा) आणि कारण ‘-मुळे’ वा ‘-ने’ जोडून सांगितले जाते. रुळांवर पाणी साचल्याने लोकलचा खोळंबा, हा पावसाळ्यातल्या मथळ्याचा ठरलेला साचा. त्यात कर्ता नसतो. मथळ्याला ही सोय मोठी आहे, शब्दही एका स्तंभात मावतो. परंतु पाणी का साचले, नाला कोणी साफ केला नाही, हे प्रश्न याच रचनेत गळून पडतात. पाऊस आणि जबाबदारी यांतला फरक पुसणारी ही सवय वृत्तलेखनाला हानिकारक आहे. गाडी किती वेळ थांबली आणि प्रवाशांना काय सांगण्यात आले, एवढे तरी बातमीत आलेच पाहिजे.

अर्थमर्यादा : खोळंब्यात पुन्हा सुरू होण्याची अपेक्षा गृहीत असते. म्हणून ८ मे १९७४ पासूनच्या रेल्वे संपासारख्या प्रसंगी ‘बंद’ किंवा ‘ठप्प’ हे शब्द नेमके ठरतात. १८९६–९७ च्या प्लेगात प्रवाशांना स्थानकांवर उतरवून तपासत, संशयितांना वेगळे ठेवत. ही सक्ती होती, तिला खोळंबा म्हणणे अपुरे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, असंख्य लोकांनी रात्र गाड्यांत व स्थानकांत काढली, कित्येक रुळांवरून चालत घरी गेले. तेथेही हा शब्द फार लहान पडतो.

नभोवाणी व दूरचित्रवाणी : वापर छापील बातमीप्रमाणेच.

जवळचे शब्द : ताटकळणे (उभ्याने वाट पाहणाऱ्या माणसाविषयी), रखडणे (प्रकल्प, खटला, निकाल), तिष्ठणे (आता मुख्यतः ‘तिष्ठत’ या रूपात), खोटी (वेळ वाया जाणे, वृत्तपत्रांत विरळ).