धर्मानंद कोसंबी आणि गृहत्यागाचा प्रश्न
गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६-१९४७) यांनी बुद्धधम्माच्या शोधार्थ १८९९ साली घर सोडले आणि १९०२ साली सिंहलद्वीपात श्रामणेर होऊन पालीचे अध्ययन केले. वृद्ध, रोगी, प्रेत व परिव्राजक पाहून सिद्धार्थ गौतमांनी गृहत्याग केला, ही कथा त्यांनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात तपासली. दीघनिकायात ती विपस्सी बुद्धाविषयी आहे, हे दाखवून त्यांनी सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताकडे व शाक्य-कोलियांच्या कलहाकडे लक्ष वेधले. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूज्य बाबासाहेबांनीही रोहिणीच्या पाण्याचा संघर्षच गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. हे मत निराधार आहे, असा आक्षेप आला असता आम्ही केवळ श्रद्धेने उत्तर देऊ नये. कोसंबींप्रमाणे मूळ पाली सुत्त उघडून दाखवावे.