नियमपुस्तके : आवश्यक कोणती, ऐच्छिक कोणती?

टेबलाभोवती बसून संवाद आणि फासे यांच्या आधारे कथा रचत जाण्याचा खेळ म्हणजे रोल-प्लेइंग गेम. प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो आणि सूत्रधार प्रसंग व शत्रू उभे करतो. या खेळात पट-सोंगट्यांपेक्षा नियमपुस्तकांना महत्त्व अधिक. मात्र, त्यांची संख्या पाहूनच अनेक नवखे मागे फिरतात. यातले नेमके काय विकत घ्यावे?

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील आद्य खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेतील टीएसआर कंपनीने १९७४ मध्ये तीन पुस्तिकांच्या संचात प्रसिद्ध केला. किंमत होती दहा डॉलर. तरीही हा संच स्वयंपूर्ण नव्हता. शिफारस केलेल्या साहित्यात 'चेनमेल' हे युद्धखेळाचे नियमपुस्तक आणि दुसऱ्या कंपनीचा 'आउटडोअर सर्व्हायव्हल' हा पटखेळ यांचाही समावेश होता.

तीन पुस्तकांची परंपरा

पुढे 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत 'मॉन्स्टर मॅन्युअल' (१९७७), 'प्लेअर्स हँडबुक' (१९७८) आणि 'डन्जन मास्टर्स गाइड' (१९७९) अशी कामाची विभागणी झाली. तेव्हापासून ही तीन पुस्तके 'आवश्यक' मानली जातात. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत अमेरिकेत प्रत्येकाची छापील किंमत ४९.९५ डॉलर, म्हणजे तिन्हींची सुमारे दीडशे डॉलर होती. पण तिन्ही पुस्तके प्रत्येकाला लागत नाहीत. खेळाडूला 'प्लेअर्स हँडबुक' पुरते. उरलेली दोन सूत्रधाराची, आणि एका गटाला त्यांची एकेक प्रत पुरेशी होते.

'आवश्यक' पुस्तकातील प्रत्येक नियमही बंधनकारक नसतो. २०१४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये 'फीट' ही विशेष कौशल्ये आणि एका पात्राने दोन पेशे घेणे, या दोन्ही गोष्टी ऐच्छिक म्हणून दिल्या होत्या. २०२४ च्या सुधारित पुस्तकात 'फीट' मूळ नियमांतच सामावले गेले. म्हणजेच ही सीमारेषा आवृत्तीगणिक सरकते.

पुरवणी पुस्तकांचा प्रश्न

'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' (२०१७) किंवा 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग' (२०२०) यांसारखी पुस्तके नवे पर्याय देतात, परंतु त्यांच्यावाचून खेळ अडत नाही. अडचण वेगळीच असते. एकाकडे पाच पुस्तके आणि दुसऱ्याकडे एकच असेल, तर पात्रांच्या निवडीत विषमता येते आणि सूत्रधाराला न वाचलेले नियम सांभाळावे लागतात. म्हणूनच 'अ‍ॅडव्हेंचरर्स लीग' या अधिकृत सामूहिक उपक्रमात काही वर्षे 'प्लेअर्स हँडबुक आणि आणखी एकच पुस्तक' अशी मर्यादा होती.

खर्च टाळण्याचाही मार्ग आहे. २०१४ मध्ये मूलभूत नियम विनामूल्य उपलब्ध झाले. त्यात चार वंश आणि चार पेशे होते. जानेवारी २०२३ मध्ये मूळ नियमांचा संदर्भग्रंथ क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला.

खरेदीपूर्वी तीन प्रश्न

गट कोणती आवृत्ती खेळणार आहे? या पुस्तकावाचून खेळ थांबेल का? सूत्रधाराने ते स्वीकारले आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत खरेदी थांबवावी. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर ते पुस्तक ऐच्छिक समजावे. आणि तिसऱ्याचे 'नाही' असेल, तर महागडे पुस्तकही त्या टेबलावर निरुपयोगी ठरते. यादी कंपनीची असली तरी निर्णय गटाचा असतो. तो पहिल्याच बैठकीत, पैसे खर्च होण्याआधी घेतलेला बरा.