आधुनिक पंचक्रीडा आणि सैनिक-क्रीडापटू : पाव्हेल लेदन्येव व मुरलीकांत पेटकर

‘पेंटॅथलॉन’ या ग्रीक शब्दाचा अर्थ पाच स्पर्धांचा समूह एवढाच आहे. त्या पाच स्पर्धा कोणत्या, हे शब्द सांगत नाही. ते त्या त्या काळातील योद्ध्याच्या कल्पनेवर अवलंबून राहिले. प्राचीन ऑलिम्पियात थाळीफेक, लांब उडी, भालाफेक, धावणे आणि कुस्ती अशी पाच अंगे होती. 1912 साली स्टॉकहोम येथे कुबेरतँच्या पुरस्काराने ‘आधुनिक’ पंचक्रीडा सुरू झाली, तेव्हा नाव तेच राहिले आणि यादी सर्वस्वी बदलली. अश्वारोहण, तलवार, पिस्तूल, पोहणे व धावणे ही नवी पाच अंगे होत. शत्रूच्या मुलखातून निरोप घेऊन निघालेला घोडदळाचा अधिकारी या यादीमागे आहे, असे सांगण्याची रीत आहे. परक्या घोड्यावर बसावे, वाटेत तलवार व पिस्तूल चालवावे, नदी पोहून जावे आणि उरलेली वाट पायी तोडावी, असा तो प्रवास.

ही कल्पना सार्वत्रिक सैनिकाची नसून युरोपच्या मैदानी प्रदेशातील एका वर्गाची आहे, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगराळ पट्ट्यातील एकच उदाहरण त्यासाठी पुरेसे होईल. 1661 च्या फेब्रुवारीत कारतलबखानाची मोगल फौज लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरून उंबरखिंडीत आली. त्या अरुंद, झाडीच्या वाटेत तिच्याजवळील घोडी हे बळ न राहता अडचणच होऊन बसली. दोन्ही अंगांच्या उतारांवर दबा धरून बसलेल्या मावळ्यांनी तिला कोंडीत धरले आणि जवळचे सामान टाकून खानाला मागे फिरावे लागले. त्या मावळ्यांच्या गुणांवरून कोणी पंचक्रीडा रचली असती, तर तिच्यात डोंगर चढणे व दम धरून वाट पाहणे यांना स्थान द्यावे लागले असते, घोड्याला क्वचितच. तात्पर्य, अशा याद्या वाचताना त्या कोणत्या सैन्यातून निघाल्या, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

आधुनिक पंचक्रीडेत यश कशाला म्हणतात, हे पाव्हेल लेदन्येवच्या कारकिर्दीवरून उत्तम रीतीने कळते. 1943 साली गोर्की (पूर्वीचे व आताचे निझ्नी नॉव्हगरद) येथे जन्मलेला हा सोव्हिएत खेळाडू 1968 ते 1980 या काळातील चार ऑलिम्पिकांत उतरला आणि चारही वेळा वैयक्तिक पदक घेऊन परतला : मेक्सिको येथे कांस्य, म्युनिक येथे कांस्य, मॉन्ट्रियल येथे रौप्य व मॉस्को येथे पुन्हा कांस्य. सांघिक पदके धरून त्याची एकूण संख्या सात होते. त्यांत 1972 व 1980 ची सुवर्णपदके आहेत. जागतिक अजिंक्यपद त्याने 1973, 1974, 1975 व 1978 असे चार वेळा मिळविले. मात्र ऑलिम्पिकचे वैयक्तिक सुवर्ण त्याला कधीच लाभले नाही. अशा खेळाडूला मराठीत आपण ‘अष्टपैलू’ म्हणू. पण तो शब्द हिऱ्यावरून आलेला आहे आणि त्यात प्रत्येक पैलू चमकावा अशी अपेक्षा गर्भित आहे. पंचक्रीडेची अपेक्षा निराळी असते. पाच अंगांतील कामगिरीचे गुणांत रूपांतर करून बेरीज केली जाते. म्हणून एका अंगात अव्वल येण्यापेक्षा कोणत्याही अंगात न ढळणे अधिक मोलाचे ठरते. त्या काळी ही परीक्षा पाच दिवस चाले. घोडा चिठ्ठीने मिळे. तलवारीच्या चढाओढीत प्रत्येकाशी एकेक डाव आणि तोही एकाच स्पर्शाचा. म्हणजे दैव व क्षणिक चूक या दोहोंना नियमांनीच जागा ठेविली होती. बारा वर्षे अशा व्यवस्थेत वरच्या तिघांत राहणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

1976 च्या मॉन्ट्रियल स्पर्धेत त्याचा सहकारी बोरिस ओनिश्चेन्को याच्या तलवारीत स्पर्शाविना गुण नोंदविणारी युक्ती आढळली. ओनिश्चेन्कोला काढून टाकण्यात आले व सोव्हिएत संघ सांघिक स्पर्धेतून बाद झाला. लेदन्येव उरलेली अंगे एकट्यासाठी खेळला आणि ते रौप्यपदक त्याच वेळचे आहे. त्याच्या पदकांच्या यादीत हे सर्वांत कठीण समजावे.

1972 मध्ये लेदन्येव म्युनिकला आला, त्याच्या काही दिवस आधी त्याच देशात हायडेलबर्ग येथे दुसऱ्या एका सैनिकाची परीक्षा होऊन गेली होती. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म 1944 साली सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर परिसरात झाला. लहान वयातच ते सैन्यात गेले आणि विद्युत व यांत्रिक अभियंता दलात (ई.एम.ई.) कारागीर-जवान झाले. यंत्रे दुरुस्त करणारा सैनिक कुबेरतँच्या अधिकाऱ्याहून किती दूर आला होता, हे वेगळे सांगावयास नको. पेटकर मुष्टियोद्धेही होते. 1965 च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचा भाग लुळा पडला. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पोहावयास लावण्यात आले. जे औषध होते ते पुढे क्रीडा झाले.

अशा परिवर्तनाची परंपरा पूर्वीच सुरू झाली होती. 1948 साली इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमान यांनी कण्याला इजा झालेल्या माजी सैनिकांसाठी धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. तिच्यातून 1960 च्या रोम येथील स्पर्धा उद्भवल्या. ‘पॅरालिम्पिक’ या शब्दातील पूर्वपद आरंभी कमरेखालच्या पक्षाघाताच्या वैद्यकीय संज्ञेवरून घेतले होते; पुढे त्याची व्युत्पत्ती ‘शेजारी, समांतर’ अशा ग्रीक अर्थाने लावण्यात येऊ लागली. रोगाच्या नावाचे बरोबरीच्या नावात झालेले हे रूपांतर भाषाभ्यासकांनी नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

पेटकर 1968 मध्ये तेल अवीव येथे टेबल टेनिस खेळले. हायडेलबर्ग येथे ते पोहणे, भालाफेक, नेमका भाला टाकण्याची स्पर्धा आणि चाकाच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत अशा चार अंगांत उतरले. 50 मीटर मुक्तशैलीत 37.33 सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भारताला पॅरालिम्पिकमध्ये मिळालेले ते पहिले सुवर्ण. वैयक्तिक ऑलिम्पिक सुवर्ण देशाला त्यानंतर छत्तीस वर्षांनी, 2008 मध्ये लाभले. मुष्टियुद्ध व टेबल टेनिस धरले तर पेटकरांची अंगे पाचांहून अधिक भरतात. परंतु त्यांची बेरीज करणारा नियम कोठेही नव्हता. प्रत्येक अंग स्वतंत्र मोजले गेले आणि इतिहासात त्यांतील 37.33 सेकंदच तेवढे राहिले. लेदन्येवचे मोठेपण गुणतक्त्यानेच लिहून ठेविले होते. पेटकरांचे कोणी मांडून दाखविले तरच दिसणार.

यात राज्यसंस्थेचाही भाग आहे, आणि तो दोन्ही देशांना सारखाच उणेपणा आणणारा आहे. सोव्हिएत संघाने पंचक्रीडापटूंसाठी घोडे, गुरू व वेळ यांची तरतूद केली. पण 1980 साली ऑलिम्पिक मॉस्कोत होऊनही अपंगांच्या स्पर्धा तेथे झाल्या नाहीत. त्या नेदरलंड्समधील आर्नहेम येथे घ्याव्या लागल्या. सोव्हिएत खेळाडू पॅरालिम्पिकमध्ये प्रथम उतरले ते 1988 मध्ये. त्या देशातही युद्धात जखमी झालेले असंख्य सैनिक होते. पोहणारे लेदन्येव त्यांच्यातही निघाले असते. भारताने आपला सैनिक पाठविला खरा, परंतु परत आल्यावर त्याला कोठे बसवावे हे त्याला उमगले नाही. पेटकरांनी पुण्याच्या कारखान्यात नोकरी केली. 1982 मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी त्यांनी केलेली मागणी मान्य झाली नाही. पद्मश्री 2018 साली मिळाली, म्हणजे सुवर्णानंतर सेहेचाळीस वर्षांनी. 2024 मध्ये त्यांच्या जीवनावरील हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि अनेकांना त्यांचे नाव प्रथम तेव्हाच कळले. अभ्यासकांच्या दृष्टीने ही गोष्ट काहीशी लाजिरवाणीच म्हटली पाहिजे.

लेदन्येव 2010 मध्ये मॉस्को येथे निवर्तला. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर आधुनिक पंचक्रीडेतून घोडा काढून त्याच्या जागी अडथळ्यांची शर्यत आणण्यात आली. पेटकरांना जानेवारी 2025 मध्ये, वयाच्या 80 व्या वर्षी, जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार प्रदान झाला.