लाँग मेलफर्डच्या भिंतीवरची नावे

इंग्लंडच्या पूर्वेला, सफक परगण्यातल्या लाँग मेलफर्ड गावी, होली ट्रिनिटी चर्चच्या बाहेरच्या भिंतींवर वरच्या बाजूने अक्षरांच्या ओळी गेल्या आहेत. त्या बायबलमधल्या नाहीत. त्यांत गावातल्या माणसांची नावे आहेत आणि वाचणाऱ्याला केलेली विनवणी आहे. रॉजर मोरियल, त्याच्या बायका मार्गारेट आणि कॅथरीन यांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करा, कारण या कमानींचे काम त्यांच्या पैशातून झाले, असा त्यांचा रोख. मोरियलच्या लेखात सालही आहे: १४८१.

मेलफर्ड हे तेव्हा खेडेच होते, पण श्रीमंत खेडे. स्टूर नदीच्या खोऱ्यात लोकरीचे कापड विणून, रंगवून दूरवर विकले जाई. गावाची मालकी बरी सेंट एडमंड्सच्या मठाकडे होती, तरी हातात रोख पैसा खेळत होता तो कापडवाल्यांच्या. तीस-एक वर्षांत, साधारण १४६७ ते १४९७ या काळात, त्यांनी आपले चर्च जवळजवळ नव्याने बांधले. एकट्या मध्यदालनाची लांबी दीडशे फुटांहून अधिक आहे. एखाद्या बिशपच्या शहराला शोभेल असे हे काम एका गावाने आपल्या कमाईतून उभे केले, हे त्याचे खरे मोठेपण.

सफकमध्ये बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही. मिळते ती चुनखडीच्या थरात सापडणारी गार. तिचा गोटा नेमका फोडला की आतून काळा, काचेसारखा चकचकीत चेहरा निघतो. चांगला दगड बाहेरून आणावा लागे, तो महाग पडे. म्हणून कारागिरांनी तो जपून वापरला आणि त्याच्या फिक्या रंगाशेजारी काळी गार अशी बसवली की दोन्हींचा पृष्ठभाग एका पातळीत येतो. या जोडकामातून नक्षी उमटते आणि अक्षरेही. दगडाच्या टंचाईतून पूर्व इंग्लंडने आपली कला घडवली. आत गेल्यावर मात्र लक्ष वेधतात खिडक्या. खालची एक रांग, कमानींच्या वर दुसरी. मधल्या भिंती इतक्या सडपातळ की छत उजेडावरच तोललेले वाटावे. इंग्रज वास्तुकलेतली ‘पर्पेंडिक्युलर’ म्हणजे उभ्या रेषांची शैली इथे ऐन भरात आहे.

या सगळ्यामागचा प्रमुख माणूस जॉन क्लॉप्टन. इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या गुलाबांच्या युद्धात तो लँकेस्टर घराण्याच्या बाजूचा. १४६२ मध्ये ऑक्सफर्डच्या अर्लसोबत त्यालाही राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले. अर्लचे आणि त्याच्या मुलाचे शिर उडवले गेले; क्लॉप्टन वाचला. पुढची पस्तीस वर्षे त्याने आपला पैसा आणि ओळखी या चर्चसाठी वापरल्या. रंगीत काचांमध्ये त्याचे नातेवाईक आणि नॉरफोकच्या डचेससारख्या थोर घराण्यांतल्या स्त्रिया प्रार्थनेला बसलेल्या दिसतात. त्याच्या खासगी चॅपलमध्ये बरीच्याच मठातला कवी जॉन लिडगेट याच्या कविता रंगवलेल्या आहेत. त्याची कबर वेदीच्या उत्तरेला आहे. ईस्टरच्या आठवड्यात ख्रिस्ताच्या समाधीचा देखावा तिच्यावरच मांडला जाई, म्हणजे वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवसांत गावाची नजर आपोआप क्लॉप्टनच्या कबरीवर जाई.

ही निव्वळ हौस नव्हती. मरणानंतर आत्म्याला शुद्धिस्थानात यातना भोगाव्या लागतात, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनेने, मिस्साने त्या कमी होतात, यावर त्या काळच्या माणसाची पक्की श्रद्धा होती. म्हणून दात्याला स्तुती नको होती, आठवण हवी होती. भिंतीवरची एक लॅटिन ओळ हेच सांगते. बाकीचे बरेच लेख मात्र इंग्रजीत आहेत, कारण विनवणी शेजाऱ्यापाजाऱ्यांना होती.

१४९६ मध्ये मरियेचे चॅपल पुरे झाले, पुढच्याच वर्षी क्लॉप्टन वारला. आणि पन्नास वर्षांत, इंग्लंडच्या धर्मक्रांतीत, तो ज्यावर विसंबला होता ते सगळे कायद्याने मोडले. १५३९ मध्ये बरीचा मठ गेला. १५४७ मध्ये मृतांसाठी मिस्सा म्हणण्याकरता दिलेल्या देणग्या सरकारने जप्त केल्या. शुद्धिस्थानाची कल्पनाच खोटी ठरवली गेली. मूर्ती उतरल्या, वेद्या गेल्या.

हे होताना पाहिलेला एक माणूस होता रॉजर मार्टिन. जुन्या कॅथलिक घराण्यातला, धर्म न सोडलेला, १६१५ पर्यंत जगलेला. आपल्या लहानपणी चर्च कसे होते ते त्याने म्हातारपणी लिहून ठेवले. मुख्य वेदीमागे कोरलेला क्रूसाचा देखावा, झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक, संत जेम्सच्या आदल्या रात्री पेटणारी होळी आणि गरिबांना वाटलेली बिअर अन् पाव, सगळे त्याला आठवते. उतरवलेल्या कामाचा एक भाग त्याने घरी आणून ठेवला होता. तो मोडकळीला आला आहे, माझे वारस तो दुरुस्त करून कधीतरी परत लावतील, अशी आशा त्याने लिहिली. इंग्लंडच्या धर्मक्रांतीबद्दल राजे आणि बिशप यांचे कागद ढिगाने आहेत. एका पॅरिशमधल्या साध्या माणसाला काय गमावल्यासारखे वाटले, हे सांगणारा असा कागद विरळा.

मार्टिनची आशा फळली नाही. पण सगळेच गेले नाही. मागी राजांच्या भेटीचा अलाबास्टरमधला एक सुंदर कोरीव तुकडा अठराव्या शतकात फरशीखाली सापडला. कुणीतरी तो फोडण्याऐवजी पुरून ठेवला असावा. उरलेल्या काचा गोळा करून उत्तरेकडच्या खिडक्यांत बसवल्या आहेत. सफकमधल्या अनेक चर्चमधून ‘प्रार्थना करा’ असे सांगणारे लेख सतराव्या शतकात प्युरिटनांनी उखडले. मेलफर्डच्या भिंतीवरचे मात्र टिकले. खिडकी फोडायला एक दगड पुरतो. भिंतीत जडवलेली गार काढायची तर भिंतच खणावी लागते.

मरियेच्या चॅपलमध्ये १६७० पासून अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत गावची शाळा भरत होती, आणि मुलांसाठी रंगवलेले पाढे तिथल्या भिंतीवर अजून आहेत. मूळ मनोरा १७१० च्या सुमारास वीज पडून गेला. १७२५ मध्ये विटांचा नवा, बुटका वाटणारा मनोरा आला. तो या इमारतीला कधीच शोभला नाही. शेवटी जी. एफ. बॉडली या वास्तुविशारदाने १८९८ ते १९०३ या काळात त्या विटांभोवतीच दगड आणि गारेचे नवे आवरण चढवले. पंधराव्या शतकातला वाटणारा हा मनोरा खरे तर विसाव्या शतकात पुरा झालेला आहे, आणि जुना विटांचा मनोरा त्याच्या पोटात तसाच उभा आहे.