‘लान्स नाईक’ : एका पदनामाचा शब्देतिहास

पिंपरी-चिंचवडच्या परिसरात दापोडीचे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि देहूरोडची छावणी असल्यामुळे ‘लान्स नाईक’ हे पदनाम तेथील लोकांच्या कानांवरून गेलेले असते. इंग्रजीत ‘लान्स’ म्हणजे भाला. तेव्हा ‘लान्स नाईक’ म्हणजे भालाइतांचा नाईक, असा अर्थ सहज सुचतो. तो ग्राह्य नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

ह्या जोडनावातील ‘नाईक’ हे पद आपल्याकडील असून ते संस्कृत ‘नायक’ शब्दापासून आले आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळा ह्यांनी शायिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध चाकणचा कोट सुमारे दोन महिने लढविला. त्या शिवकालीन पायदळाची जी रचना सभासदाच्या बखरीत वर्णिली आहे, तीत पाइकांवर नाईक व नाइकांवर हवालदार अशी उतरंड आढळते. ही दोन्ही पदनामे कंपनी सरकारच्या देशी पलटणींत होती, व आजच्या भारतीय सेनेतही आहेत.

‘लान्स’चा प्रवास निराळा आहे. इटालियन भाषेत ‘लान्चा स्पेत्साता’ म्हणजे मोडका भाला. लढाईत भाला मोडेपर्यंत झुंजलेला कसलेला शिपाई, किंवा घोडा पडल्यामुळे पायदळात उभा राहिलेला स्वार, असा त्याचा अर्थ सांगतात. फ्रेंचमध्ये आद्य ‘ल’ हे उपपद समजले जाऊन ‘आन्सपेसाद’ असे रूप झाले. इंग्रजीत सोळाव्या शतकात ‘लान्सपेसेड’ हा शब्द आला व पायदळातील कनिष्ठतम अंमलदारास लावला गेला. त्यावरून ‘लान्स कॉर्पोरल’ हे पद बनले. येथे ‘लान्स’चा अर्थ ‘दुय्यम’ एवढाच उरला. हिंदी फौजेत कॉर्पोरलच्या जागी नाईक असल्याने ‘लान्स नाईक’ हे जोडनाव तयार झाले.

घोडदळातील ‘लान्स दफेदार’ ह्या पदनामानेही हाच निष्कर्ष दृढ होतो. त्याचा अर्थ भालाईत दफेदार नसून दफेदाराहून एक पायरी खालचा अंमलदार असा आहे. उलट ‘लान्सर’ हा मात्र खरोखरीचा भालाईत स्वार होय.

हा भेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा नाही. महायुद्धांतील मराठी सैनिकांच्या नोंदी अभ्यासताना ‘लान्स’ शब्दावरून शस्त्राचे अनुमान काढल्यास बंदूकधारी पायदळाच्या हाती नसलेला भाला दिला जाईल. पदनाम दर्जा सांगते. शस्त्राचा पुरावा अन्यत्र शोधावयास हवा.