आसवनीचा दर्प आणि तळाचा गाळ

महाराष्ट्रातील सहकारी साखर उद्योगाचा इतिहास १९५० साली प्रवरानगर येथे सुरू झालेल्या कारखान्यापासून सांगितला जातो आणि त्यात ऊस, भागधारक, गाळप व उतारा यांची नोंद विस्ताराने आढळते; साखर कारखान्यांना जोडून उभ्या राहिलेल्या आसवन्यांच्या सांडपाण्याला मात्र त्यात फारशी जागा मिळालेली नाही. साखर निघाल्यावर उरणारी मळी आंबवून तिच्यापासून मद्यार्क काढणे हे आसवनीचे काम. ऊर्ध्वपातनानंतर शिल्लक राहणारा गडद तपकिरी, आम्लधर्मी व कढत द्रव ‘स्पेंट वॉश’ या नावाने ओळखला जातो आणि जुन्या पद्धतीच्या आसवनीत एक लिटर मद्यार्कामागे तो १० ते १५ लिटर निघत असे. पाण्यातील सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणूंना जेवढा ऑक्सिजन लागतो, त्याला जैविक ऑक्सिजन मागणी म्हणतात; घरगुती सांडपाण्यात ती लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असते, तर स्पेंट वॉशमध्ये ती ४०,००० मिलिग्रॅमच्याही पुढे जाते.

आरंभीच्या काळात हा द्रव उघड्या खड्ड्यांत साठवला जाई. दुर्गंधी ही गावकऱ्यांची तक्रार आणि गाळ ही कारखान्याची अडचण, अशी जी वाटणी दीर्घकाळ गृहीत धरली गेली, तीच पुढील बहुतेक फसलेल्या उपायांच्या मुळाशी होती, कारण मुळात ही दोन्ही एकाच प्रक्रियेची फळे आहेत. साखर शुभ्र व्हावी म्हणून उसाच्या रसात गंधकाचा धूर सोडतात. त्या गंधकाचा काही अंश सल्फेटच्या रूपाने मळीत उतरतो आणि पुढे सांडपाण्यात येतो. खड्ड्याच्या तळाशी साचलेल्या गाळात ऑक्सिजन पोहोचत नाही, तेथे सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि त्यांच्यापासून कुजक्या अंड्यासारखा वास असणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. पाणी आम्लधर्मी असेल तर तो हवेत निसटतो, अल्कधर्मी असेल तर बराचसा पाण्यातच विरघळून राहतो. चुना टाकला की वास काही काळ दबतो तो यामुळेच. पण त्याच चुन्याने तळाचा गाळ आणखी वाढतो, आणि वासाचे मूळ तर त्या गाळातच असते.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ साली केला व १९७० साली त्यासाठी मंडळ स्थापन झाले. केंद्राचा कायदा १९७४ सालचा. कायद्याने प्रक्रिया करणे बंधनकारक झाले, तरी कोणती प्रक्रिया, हा प्रश्न उरलाच. मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी १९१४ साली मांडलेली सक्रिय गाळाची पद्धत शहरी मैलापाण्यासाठी जगभर रूढ झाली होती. तिच्यात पाण्यात हवा खेळवून जिवाणू वाढवले जातात व दुर्गंधी आटोक्यात राहते, परंतु सेंद्रिय द्रव्याचा मोठा भाग जिवाणूंच्या नव्या गाळात रूपांतरित होतो. स्पेंट वॉशसारख्या तीव्र द्रवाच्या बाबतीत त्या गाळाची विल्हेवाट आणि हवा खेळवण्याचा विजेचा खर्च, दोन्ही न परवडणारे होते.

उपाय उलट दिशेने आला. बंदिस्त टाकीत, हवेविना कुजवण क्रिया घडवली तर गाळ फारच थोडा तयार होतो आणि इंधन म्हणून उपयोगी पडणारा मिथेन मिळतो. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात सांडपाण्यापासून असा वायू मिळवण्याचा प्रयोग १८९७ च्या सुमारासच झाला होता, ही गोष्ट महाराष्ट्रात अधिक ठाऊक असायला हवी. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात गात्झे लेटिंगा यांनी बीट-साखरेच्या सांडपाण्यावर काम करून जिवाणूंचा गाळ दाणेदार होऊन टाकीतच टिकून राहील अशी रचना सिद्ध केली, आणि त्यानंतर आसवन्यांतही डायजेस्टर उभे राहू लागले. वास बंदिस्त झाला, बॉयलरला इंधन मिळाले. मात्र मिथेनसोबत येणारा हायड्रोजन सल्फाइड धातू खातो, म्हणून वायू धुऊन घेणे भाग पडले, आणि बाहेर पडणारे पाणी तपकिरी व क्षारयुक्तच राहिले.

ते पाणी उसाचा रस गाळताना गाळणीवर उरणाऱ्या प्रेसमडवर शिंपडून खत करण्याची पद्धत त्यानंतर बरीच रुळली. ४५ ते ६० दिवस ढीग उलथेपालथे करत राहिल्यास हवा आत शिरते व खत तयार होते. ढीग उलथण्यात हयगय झाली किंवा पावसाने ते भिजले, की आतील ऑक्सिजन संपून तोच जुना दर्प परत येतो आणि तपकिरी पाझर विहिरींकडे वळतो. २००३ सालच्या केंद्रीय सनदेने आसवन्यांवर सांडपाणी मुळीच बाहेर न सोडण्याचे बंधन घातल्यानंतर बाष्पीभवनाने द्रव दाट करून खास बॉयलरमध्ये जाळण्याकडे कल वाढला. त्या राखेत उसाने जमिनीतून घेतलेले पालाश उतरते, आणि मळीपासून मिळणाऱ्या अशा पालाशाचा समावेश केंद्र सरकारने २०२१ साली खतांच्या अनुदान योजनेत केला. तथापि बाष्पीभवनात वाफेबरोबर उडून जाणारी आम्ले थंड झालेल्या पाण्यात पुन्हा उतरतात, ते पाणी आंबट व उग्र वासाचे असते, आणि त्याच्या शुद्धीकरणासाठी आसवनीला आणखी एक स्वतंत्र संयंत्र बसवावे लागते, ज्यातून पुन्हा थोडा गाळ निघतोच.