सामायिक आडाचा करार

आमच्या जुन्या वाड्यात सात बिऱ्हाडे होती आणि आड एकच. प्रत्येकाने स्वतःचा आड खणला असता, तर अंगणच उरले नसते. संगणकातही हाच विचार झाला. आकडेमोड, अक्षरे दाखवणे अशी नेहमीची कामे करणारा कोड प्रत्येक प्रोग्राममध्ये पुन्हा भरायचा नाही. तो एका जागी ठेवायचा आणि सर्वांनी वापरायचा. हीच शेअर्ड लायब्ररी. डिस्क वाचते, मेमरी वाचते आणि एका जागची दुरुस्ती सर्वांना मिळते.

युनिक्स बेल लॅब्जमध्ये १९६९ मध्ये जन्मले. १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये ही सोय आली, तोवर युनिक्सची अनेक घराणी झाली होती. सनकडे लायब्ररीच्या नावाला 'एसओ' हे शेपूट, एचपीकडे 'एसएल'. आयबीएमच्या एआयएक्सवर 'ए', म्हणजे इतरत्र ज्या शेपटाचा अर्थ शेअर न होणारी लायब्ररी! कोड मेमरीत कुठेही बसावा म्हणून कंपायलरला द्यायची खूणही निराळी. नव्वदच्या दशकात मी एका संस्थेत प्रोग्राम लिहीत असे. सनवर बिनतक्रार जोडला जाणारा माझा प्रोग्राम एचपीवर जोडलाच जाईना. प्रत्येक यंत्रासाठी वेगळी आज्ञावली लिहिता लिहिता मूळ काम बाजूला राही.

यावर गॉर्डन मॅत्झिगकाइट यांनी १९९६ च्या सुमारास तोडगा काढला, तो 'जीएनयू लिबटूल'. ही एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे जणू दुभाषी. आपण एकच आज्ञा द्यायची. ती त्या यंत्राच्या बोलीत सांगण्याचे काम लिबटूलचे. कोणती लायब्ररी कुठे आहे आणि तिला आणखी काय लागते, हे तो साध्या मजकुराच्या फाइलीत टिपून ठेवतो.

पण बोलीपेक्षा करार अवघड, हे मी चुकूनच शिकलो. एका लायब्ररीतल्या फंक्शनला मी एक जादा माहिती मागायला लावली, आवृत्तीचा क्रमांक मात्र तोच ठेवला. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांचे तीन प्रोग्राम बंद पडले. त्यांनी काहीच बदलले नव्हते. आडाचे पाणी मी बदलले होते.

लिबटूल म्हणूनच तीन आकडे मागतो: सध्याचा करार कितवा, त्यात दुरुस्ती कितवी आणि मागचे किती करार अजून पाळले जातात. नुसती चूक सुधारली तर दुसरा आकडा वाढवा. नवी सोय जोडली तर पहिला व तिसरा वाढवून दुसरा शून्य करा. जुने मोडले तर पहिला वाढवा आणि बाकीचे दोन्ही शून्यावर आणा.

आज सीमेक, मेसॉन अशी नवी साधने दुभाष्याचे काम करतात. लिनक्सवर शेपूट 'एसओ', मॅकवर 'डायलिब'. दुभाषी बदलले तरी करार पाळण्याची जबाबदारी माणसाचीच राहिली. आड सामायिक असेल, तर पोहरा टाकण्याआधी शेजाऱ्याची आठवण ठेवावी लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)